गाठ शेवटच्या फर्म्यावर

मंगळवारच्या बॅचच्या आठ वह्या रात्री तपासायला घेतल्या. स्पॅनिशमध्ये करायला वाक्य मुद्दाम सोपं दिलं होतं: 'आजोबा हळू आणि काळजीपूर्वक जिना उतरतात.' आठातल्या सहा वह्यांत एकच चूक. सहाही जणांनी 'लेंतो इ कुइदादोसामेंते' लिहिलं होतं. मी लाल पेननं 'लेंतो'मधला ओ खोडला आणि त्यावर आ लिहिला, सहा वेळा. 'लेंता इ कुइदादोसामेंते.' उरलेल्या दोघांनी 'लेंतामेंते इ कुइदादोसामेंते' असे दोन्ही शब्द पूर्ण लिहून प्रश्न टाळला होता. ते चूक नाही, पण स्पॅनिश कानाला जड वाटतं.

ही बॅच कर्वे रोडच्या एका गल्लीत, आमच्याच घराच्या हॉलमध्ये भरते. सगळे दिवसभराचं काम आटोपून येतात. हिंजवडीत बसून मेक्सिकोच्या ग्राहकांशी फोनवर बोलणारे दोघं, माद्रिदला शिकायला जायचं ठरवलेली एक मुलगी, आणि कोथरूडचे एक निवृत्त काका. काकांची नात स्पेनमध्येच जन्मली, ती मराठीपेक्षा स्पॅनिश भराभरा बोलते आणि आजोबांना फोनवर काही कळलं नाही की हसते. म्हणून काका आले. पुढच्या तासाला वही हातात पडल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच. "मॅडम, आजोबा पुरुष. मग ते 'लेंता' कसे?"

मला तो प्रश्न इतका आवडला की मी हातातला खडू खाली ठेवला. हाच प्रश्न 1998 साली मी विचारला होता, डेक्कनच्या बाजूच्या एका संध्याकाळच्या क्लासमध्ये. तिथं उत्तर मिळालं होतं, "नियम आहे, पाठ करा." मी पाठ केला. परीक्षेत चुकलेच. पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर ठरवलं की या एका नियमाला पूर्ण तास द्यायचा, अभ्यासक्रम मागं राहिला तरी चालेल.

नियम तसा दोन ओळींचा. विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप घ्यायचं आणि त्याला 'मेंते' जोडायचं, की क्रियाविशेषण तयार. क्लारो म्हणजे स्पष्ट, त्याचं स्त्रीलिंग क्लारा, त्यावरून क्लारामेंते, स्पष्टपणे. लेंतोचं लेंता, लेंतामेंते. फासिल म्हणजे सोपं, त्याला स्त्री-पुरुष भेदच नाही, म्हणून सरळ फासिलमेंते. मूळ विशेषणावर लिहिताना आघाताची, म्हणजे जोर कुठं द्यायचा त्याची, खूण असेल तर ती तशीच राहते. आणि 'कसं?' सांगणारे दोन किंवा तीन शब्द 'आणि'नं जोडायचे असतील तर 'मेंते' फक्त शेवटच्याला लावायचं. आधीचे शब्द नुसते स्त्रीलिंगी रूपात थांबून राहतात. 'क्लारा, ब्रेवे इ एलेगांतेमेंते', म्हणजे स्पष्टपणे, थोडक्यात आणि डौलदारपणे. 'पण'नं जोडले तरी हेच, 'किंवा'नं जोडले तरी हेच.

मुलं हे लिहून घेतात आणि मान डोलावतात. पण काकांचा प्रश्न तिथंच उभा असतो. स्त्रीलिंगच का?

कारण 'मेंते' हा मुळात प्रत्ययच नव्हे. तो एक अख्खा शब्द होता. लॅटिनमध्ये मनाला 'मेन्स' म्हणत, आणि 'मेंते' हे त्याचं विभक्तीचं रूप, म्हणजे 'मनानं'. आणि लॅटिनमध्ये मन हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'क्लारा मेंते' म्हणजे 'स्वच्छ मनानं'. 'लेंता मेंते' म्हणजे 'संथ मनानं'. 'लेंता'मधला तो आ-कार आजोबांचा कधीच नव्हता. तो त्यांच्या मनाचा आहे.

जुन्या लॅटिनमध्ये क्रियाविशेषणं करायची वेगळी सोय होती, शब्दांना बारीक शेपट्या लागायच्या. बोलीत त्या झिजून गेल्या. मग लोकांनी हाताशी होतं ते वापरलं. माणूस एखादी गोष्ट कशी करतो हे सांगायचं तर तो ती कुठल्या मनानं करतो ते सांगायचं. आपणही आजपर्यंत तेच करतो. मोठ्या मनानं माफ केलं. खुल्या मनानं बोलला. जड मनानं निरोप घेतला. मन लावून अभ्यास कर. मनापासून सांगते. मराठीतून मन काढून टाकलं तर आपल्या निम्म्या क्रियांना 'कसं' उरणार नाही असं मला कधी कधी वाटतं.

फरक इतकाच की आपलं मन अजून सुटं आहे, आणि तिकडचं हळूहळू प्रत्यय झालं. आधी ते फक्त माणसांबद्दल बोलताना यायचं, कारण मन माणसालाच. मग केव्हातरी कुणीतरी नदीबद्दल तसं म्हटलं, पावसाबद्दल म्हटलं. आज स्पॅनिशमध्ये पाऊस 'लेंतामेंते' पडतो आणि कुणाला त्यात पावसाचं मन दिसत नाही. मध्ययुगीन कॅस्टिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश, वीरकाव्यात 'फुएर्तेमिएंत्रे' (जोरानं) असं वेगळंच ध्वनिरूप आलेलं आहे, तर जुन्या हस्तलिखितांत पुष्कळदा विशेषण आणि 'मेंते' सुटे लिहिलेले सापडतात. म्हणजे चिकटायची प्रक्रिया शतकानुशतकं चालली होती. पुरती ती आजही संपलेली नाही. स्पॅनिशमध्ये एका शब्दावर एकच आघात असतो, पण या 'मेंते'वाल्या शब्दांवर दोन पडतात, एक विशेषणावर आणि एक 'मेंते'वर. कान देऊन ऐकलं तर दोन शब्द शेजारी चालत असल्यासारखे ऐकू येतात. आणि 'ला मेंते' हा मन या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये स्वतंत्रपणे नांदतोच आहे, रोजच्या बोलण्यात, वर्तमानपत्रात.

आता जोडायचा नियम बघा. 'लेंता इ कुइदादोसामेंते.' पुस्तकं म्हणतात, पहिल्या शब्दाचं 'मेंते' गाळायचं. मी वर्गात 'गाळायचं' हा शब्द वापरत नाही. तिथं गाळण्यासारखं कधी काही नव्हतंच. 'संथ आणि काळजी घेणाऱ्या मनानं', एक मन आणि त्याची दोन विशेषणं. आपण 'शांत आणि प्रसन्न मनानं' म्हणतो. 'शांत मनानं आणि प्रसन्न मनानं' असं कोण म्हणेल? माणसाला मन एकच. पोर्तुगीजनं ही रीत स्पॅनिशसारखीच राखली आहे. फ्रेंच आणि इटालियन याच घरातल्या, त्यांच्याकडेही हाच प्रत्यय आहे, पण त्या दर शब्दाला तो नव्यानं लावतात. त्यांच्या बोलण्यात त्या मनाची आठवण पुसली गेली असावी असं मी समजते. स्पॅनिशनं ती एका स्वरात जपली, त्या आकारात.

काका हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या गुडघ्यांना हे सांगायला हवं. जिना उतरताना मन संथ लागतं." त्यांनी वहीत 'लेंता'खाली पेन्सिलनं 'मन' असं लिहून ठेवलं. मी ते खोडलं नाही.

मला या विषयात खरी गोडी लागली ती मात्र लॅटिनमुळे नव्हे, संस्कृतमुळे. शाळेत संस्कृतच्या बाईंनी 'मति' हा शब्द चालवून घेतला होता. मतिः मती मतयः. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी शाळा एका सुरात. लॅटिनचं मेन्स आणि संस्कृतची मति या सख्ख्या बहिणी आहेत, एकाच प्राचीन शब्दापासून निघालेल्या. दोघीही स्त्रीलिंगी. मतिची तृतीया काय? मत्या. म्हणजे स्पॅनिश माणूस दिवसातून शंभर वेळा 'मेंते, मेंते' म्हणतो तेव्हा तो आपल्या शाळेतल्या 'मत्या'च्या बहिणीलाच हाक मारत असतो. मराठीत 'मत्या' राहिली नाही. पण तिच्याच घाटाचे दोन शब्द राहिले, आणि ते आपल्या तोंडात रोज असतात.

एक 'रीत्या'. रीति हा स्त्रीलिंगी शब्द, त्याची तृतीया रीत्या, रीतीनं. योग्यरीत्या, यशस्वीरीत्या. पुष्कळ जण ते ऱ्हस्व रि देऊन 'यशस्वीरित्या' असं लिहितात, आणि दर वेळी मला ते टोचतं. रित्या म्हणजे रिकाम्या. रित्या हातानं आलो म्हणतो ना, तो. 'यशस्वीरित्या'मध्ये यश रिकामं होऊन जातं. शब्दामागचा शब्द विसरला की असं होतं.

दुसरा 'दृष्ट्या'. दृष्टि, तीही स्त्रीलिंगी, तिची तृतीया. आणि इथं मी वर्गाला फळ्यावर एक ओळ लिहून दाखवते, जी प्रत्येकानं वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलेली असते: 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास'. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं कलम 15 मध्ये चौथं उपकलम आलं, तेव्हापासून ही शब्दजोडी आपल्या सार्वजनिक आयुष्यात आहे. मोर्चात, न्यायालयात, टपरीवरच्या वादात. आता सांगा, 'सामाजिक'चं 'दृष्ट्या' कुठं गेलं? कुणी गाळलं? कुणीच नाही. ते पुढं आहे, शेवटच्या शब्दाला, आणि दोघांचं मिळून आहे. 'शारीरिक आणि मानसिकरीत्या', 'आर्थिक आणि राजकीयदृष्ट्या', सगळे असेच. म्हणजे जो नियम परका म्हणून आपण पाठ करत बसतो तो आपल्याच घरात वापरात आहे. हे फळ्यावर दिसलं की वर्गात एक बारीकसा आवाज होतो, ओळखीचं माणूस अचानक समोर आल्यावर होतो तसा. त्या आवाजासाठी मी शिकवते असं म्हटलं तरी चालेल.

मग तरीही सहा जण का चुकले? कारण 'सामाजिक' या शब्दाला लिंग दिसत नाही. तो दृष्टीचा असो, प्रश्नाचा असो, सामाजिकच राहतो. आपल्याला पुढं येणाऱ्या शब्दाचं लिंग आधीच्या शब्दावर चढवून थांबायची सवय नाही. स्पॅनिश माणूस 'लेंता' म्हणतो तेव्हाच त्याला पुढचं 'मेंते' दिसत असतं. वाक्य तोंडात अर्धं असताना त्याची अखेर मनात तयार असते.

क्रियाविशेषणात मराठी माणूस आणखी एका ठिकाणी हमखास अडकतो, आणि ती चूक मला जास्त जिव्हाळ्याची वाटते. हिंजवडीहून येणारी मुलगी एकदा आपल्या मैत्रिणीबद्दल म्हणाली, 'एया कांता बुएना'. तिला म्हणायचं होतं, ती चांगली गाते. स्पॅनिशमध्ये तिथं 'बिएन' हवं, 'एया कांता बिएन', तो असो, ती असो, दहा जण असोत, 'बिएन' हलत नाही. पण ती मुलगी तिच्या भाषेशी प्रामाणिकच होती! आपण म्हणतोच, तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात. गाण्याबद्दल बोलताना आपला शब्द गाणाऱ्याकडे बघून रूप बदलतो. व्याकरणाच्या पुस्तकात म्हणूनच क्रियाविशेषण आणि क्रियाविशेषण अव्यय असे दोन कप्पे असतात. अव्ययाची व्याख्या संस्कृतच्या तासाला श्लोक म्हणून पाठ केलेली, 'यन्न व्येति तदव्ययम्', लिंग-विभक्ती-वचनात जे बदलत नाही ते. 'छान' अव्यय, 'चांगली' नाही. 'ती छान गाते' म्हणणारा माणूस स्पॅनिश चुकत नाही, 'चांगली गाते' म्हणणारा चुकतो. मी आता मुलांना सांगते, बोलायच्या आधी मनात 'छान' म्हणा.

(स्पॅनिशमध्येही कर्त्याकडे बघणारी रूपं आहेत. 'येगो कान्सादा', ती दमलेली आली. तिथं दमणं तिचं आहे, येण्याचं नाही, म्हणून स्त्रीलिंग. आपलं 'दमलेली'सुद्धा तसंच. इथं दोन्ही भाषा एकमेकींना लगेच ओळखतात.)

'जोडणं' म्हटलं की मला फळ्यापेक्षा आमचं दुकान आठवतं.

माझे बाबा बाइंडर होते. अप्पा बळवंत चौकाच्या मागं, एका वाड्याच्या तळमजल्यावर, दहा बाय बाराची खोली. पुढं पुस्तकांच्या दुकानांची ती सगळी रांग, जूनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि मागं आमच्या खोलीत खळीचा वास. मैद्याची खळ, तीत किडा लागू नये म्हणून मोरचूद. एका भिंतीला शिकंजा, दुसरीला पुठ्ठे उभे केलेले, मधे बाबा मांडी घालून.

1998 साली स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा मी चौकातल्या फुटपाथवरून एक जुना शब्दकोश घेतला. जाडजूड, कुणीतरी वापरून वापरून खिळखिळा केलेला. दोन महिन्यांत त्याचे फर्मे, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे झाले. पानं गळायला लागली तसा मी तो बाबांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी आधी पाठ मोकळी केली. जुना वाळलेला सरस ओल्या फडक्यानं भिजवून, नखानं, कागद न फाडता काढला. मग एकेक फर्मा वेगळा करून, मधली घडी बोटानं दाबून, क्रमानं रचला. फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. दाभणानं प्रत्येक घडीत भोकं पाडली, सगळी एका रेषेत. आणि मग जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्यानं शिवणं. सुई फर्म्याच्या पोटात शिरते, पुढच्या भोकातून पाठीवर येते, पुन्हा आत जाते. टोकाला आली की खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकते आणि वरच्या फर्म्यात चढते. दोरा एकच. मी शेजारी बसून बघत होते. मी विचारलं, "बाबा, प्रत्येक फर्म्याला गाठ मारून टाकली तर पक्कं नाही का होणार?"

"अगं, मग पुस्तक उघडायचं कसं?" ते म्हणाले. "गाठीगाठी झाल्या की पाठ फुगते. पानं ताठ राहतात. दोरा खेळता ठेवायचा. गाठ शेवटच्या फर्म्यावर. ती सगळ्यांना धरते."

त्याच आठवड्यात क्लासमध्ये 'मेंते'चा नियम झाला होता. तेव्हा मला तो आणि हा दोरा यांचा संबंध जोडता आला नाही. बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या वर्गात, फळ्यावर 'क्लारा, ब्रेवे इ एलेगांतेमेंते' लिहीत असताना हातात खडू तसाच राहिला. क्लारा, एक फर्मा. ब्रेवे, दुसरा. दोरा खेळता. गाठ शेवटी.

तेव्हापासून मी वर्गात सुई-दोरा घेऊन जाते. दोन-तीन कागद दुमडायचे, शिवायचे. भाषेच्या क्लासमध्ये हे कशाला असं कुणाला वाटत असेल, पण शिवून झाल्यावर 'लेंतो' लिहिणारे कमी होतात हे मी पाहिलं आहे. यंदाच्या बॅचला सुई-दोरा द्यायचा राहून गेला, आणि सहा वह्या लाल झाल्या.

या 'मेंते'ची एक वेगळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर विद्यार्थी सगळीकडे तेच लावत सुटतात. बोलताना स्पॅनिश माणूस ते बेतानंच वापरतो. 'कुइदादोसामेंते'पेक्षा 'कोन कुइदादो', काळजीनं. 'लेंतामेंते'पेक्षा 'पोको आ पोको', थोडं थोडं. चवड्यांवर चालणं 'दे पुंतियास', कधीमधी म्हणजे 'दे वेस एन क्वांदो'. छोट्या छोट्या शब्दांची ही जुळणी मोठ्या शब्दाचं काम सहज करते. स्पष्ट बोल म्हणायला नुसतं 'आब्ला क्लारो' पुरतं. कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यानं तर पुढच्या काळातल्या लेखनात 'मेंते' संपणारी क्रियाविशेषणं ठरवून टाळली आणि तसं आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं. टाळायला बसलं की आणखी नेमकं काहीतरी सुचतं, असा त्याचा अनुभव.

मी हा अनुभव मराठीत घेऊन पाहिला. मी अधूनमधून अनुवाद करते, आणि अनुवादात 'पणे' फार येतं. 'ती आनंदीपणे हसली.' 'त्याने रागीटपणे दार लावले.' आपल्या आजीनं असं कधी म्हटलं नसतं. ती म्हणाली असती, खुदकन हसली, धाडकन दार लावलं. मराठीकडे 'कसं'चा केवढा खजिना आहे: चटकन, हळूच, गुपचूप, भराभरा, टकामका, लगबगीनं, सवडीनं, नेटानं, बिनबोभाट. प्रत्येकात आवाज आहे, गती आहे, माणूस दिसतो. 'पणे' लावून तयार केलेला शब्द अर्थ सांगतो आणि थांबतो. मी 'पणे'च्या विरुद्ध नाही. 'स्पष्टपणे', 'शांतपणे' हे आपलेच आहेत, मुरलेले आहेत. पण परक्या वाक्यातल्या प्रत्येक क्रियाविशेषणाला यंत्रासारखं 'पणे' चिकटवणं मला दुखतं, कारण त्यानं आपले जिवंत शब्द बेकार होतात. लिहिणाऱ्या प्रत्येकानं आठवड्यातून एकदा तरी एक 'पणे' उचलून बाजूला ठेवावं आणि तिथं आईच्या तोंडचा शब्द आठवून बघावा.

आणि आता मला सर्वांत प्रिय असलेला शब्द. त्याला 'मेंते' नाहीच.

कर्वे रोडवर मेट्रोचं काम चालू होतं ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना ती पाटी पाठ असेल: 'काम चालू, वाहने सावकाश चालवा'. मार्च 2022 मध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत गाडी धावायला लागली आणि पत्रे निघाले, पाट्या गेल्या. त्या काळात मी वर्गाला ती पाटी स्पॅनिशमध्ये करायला दिली होती. उत्तर: 'कोंदुस्का देस्पासिओ'. स्पेनमध्ये म्हणतील देस्पाथिओ. 'देस्पासिओ' म्हणजे सावकाश. कोशात त्याची फोड दिलेली असते, दे आणि एस्पासिओ. एस्पासिओ म्हणजे जागा, पोकळी, मधलं अंतर, काळाचंसुद्धा. आणि सावकाश म्हणजे काय? स अधिक अवकाश. अवकाशासह. अवकाश म्हणजे जागा, पोकळी, मधलं अंतर, काळाचंसुद्धा. 'अजून अवकाश आहे' म्हणतो ना आपण.

या दोन शब्दांचं मूळ एक नाही. मेन्स आणि मतिसारख्या या बहिणी नव्हेत. हजारो मैलांवरच्या दोन लोकांनी, एकमेकांना विचारल्याशिवाय, घाई नसणं म्हणजे काय याचा विचार केला आणि दोघांनाही एकच दिसलं: गोष्टींच्या मधे जागा असणं. हे मी पहिल्यांदा कोशात पाहिलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सांगायला घरात फक्त बाबा जागे होते.

मी त्यांच्यापुढं कोश उघडून धरला. त्यांना स्पॅनिशच काय, इंग्रजी अक्षरंही जेमतेम लागायची. मी वाचून दाखवलं, फोड करून सांगितली, देस्पासिओ, सावकाश, दोन्हीकडे जागा. त्यांनी शब्दाकडे पाहिलं नाही. पान मधे उघडून, हात सपाट ठेवून, दोन फर्म्यांच्या मधल्या घडीत दिसणारा स्वतःचा टाका पाहिला. "बघ, इथंही आहे," ते म्हणाले. "म्हणून सपाट उघडतंय."

शेवटच्या वर्षी त्यांचे हात कापायचे. सुईत दोरा जायचा नाही. मी ओवून द्यायचे आणि घाई करायचे, स्वयंपाक राहिलेला, बॅचची वेळ झालेली. ते सुई घ्यायचे, माझ्या हाताला हात लागला की एकच शब्द म्हणायचे. सावकाश. आता त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

गेल्या मंगळवारी तो कोश मी वर्गात नेला. हातातून हातात फिरला. मूळ कुणी, कुठल्या गावात छापून बांधला होता हे आता कळायला मार्ग नाही, पहिलं पानच नाही. काकांनी तो मांडीवर घेतला, 'मेंते' शोधलं, मग 'देस्पासिओ' शोधलं. कोश दोन्ही वेळा सपाट उघडला आणि तसाच राहिला, हात काढून घेतला तरी. त्यांनी नातीला आवाजात निरोप पाठवायचा म्हणून फोन काढला. शब्द दोनदा पुटपुटून पाहिले. मग म्हणाले, "आबुएलो बाहा ला एस्कालेरा लेंता..." आणि थांबले. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. बाहेरून मेट्रो गेली. ते घाईत नव्हते. "...इ कुइदादोसामेंते," म्हणाले, आणि निरोप पाठवून दिला.